ओवीपासून गाऱ्हाण्यापर्यंत: काव्यप्रकार, गद्यप्रकार आणि अलंकार यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात पावसाळ्यात दर रविवारी कविता आणि गद्य यांवर गप्पा होतात. दहावीची मुलं येतात, निवृत्त मंडळी येतात, भजनी मंडळातले दोघे-तिघे येतात. तिथे पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. परीक्षेपुरती व्याख्या हवी असेल तर तीही सापडेल. आमचा आग्रह एवढाच की आधी ओळ मोठ्यानं म्हणा, मग तिला नाव द्या. कोकणातल्या माणसाच्या कानात यातले बरेचसे प्रकार लहानपणीच बसलेले असतात, फक्त त्यांची नावं कुणी सांगितलेली नसतात.

वृत्त, जाती आणि छंद यांत नेमका फरक काय?

मोजणं तिन्हींत आहे, काय मोजायचं ते वेगळं. अक्षरगणवृत्तात लघु-गुरूंचा क्रम ठरलेला असतो, तो ओळीत कुठेही मोडून चालत नाही. जातीत, म्हणजे मात्रावृत्तात, मात्रांची बेरीज जुळावी लागते. छंदात फक्त अक्षरं मोजायची. छंद म्हणताना लघु अक्षरंही लांबवली जातात, म्हणून अभंग ऐकताना ऱ्हस्व-दीर्घ जाणवत नाही, टाळांचा ठेका जाणवतो. या विषयाची शिस्तशीर मांडणी हवी असेल तर माधव जूलियन यांचा 'छंदोरचना' हा ग्रंथ आजही हाताशी ठेवण्यासारखा आहे.

लघु-गुरू मोजताना नेहमी चुकतं. सोपी रीत आहे का?

ऱ्हस्व अक्षर लघु, त्याची एक मात्रा. दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या दोन. अनुस्वार किंवा विसर्ग असलेलं अक्षरही गुरू. घोळ होतो तो जोडाक्षरापाशी. 'जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू' एवढंच पाठ केलं की हमखास चुकतं, कारण तिथे आघात पडतो का हे पाहावं लागतं. 'सज्जन' म्हणताना 'स'वर जोर येतो, तो गुरू. 'तुझ्या' म्हणताना 'तु'वर जोर येत नाही, तो लघुच. म्ह, न्ह, ल्ह यांच्या आधीही सहसा जोर येत नाही.

आता तिन्हीसांजेला ओट्यावर बसून म्हटलेली ओळ घ्या: 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे'. ती अशी तुटते: मना स / ज्जना भ / क्तिपंथे / चि जावे. प्रत्येक तुकडा लघु, गुरू, गुरू. तीन अक्षरांच्या अशा गटाला गण म्हणतात. हा 'य' गण, तो चार वेळा आला की 12 अक्षरांचं भुजंगप्रयात वृत्त झालं. समर्थांचे 205 मनाचे श्लोक याच चालीनं चालतात. ज्याला हे श्लोक पाठ आहेत त्याला भुजंगप्रयात येतं, त्याला ते ठाऊक नसलं तरी. नवी ओळ या वृत्तात आहे का हे बघायचं असेल तर ती मनाच्या श्लोकाच्या चालीत म्हणून पाहा. अडखळलात की तिथेच बोट ठेवा.

ओवी आणि अभंग एकच का?

नाही, पण बहिणी आहेत. ज्ञानेश्वरीतली ओवी साडेतीन चरणांची. पसायदानाची सुरुवात पाहा: 'आतां विश्वात्मकें देवें । येणें वाग्यज्ञें तोषावें । तोषोनि मज द्यावें । पसायदान हें ॥' देवें, तोषावें, द्यावें अशी तीन यमकं होतात आणि चौथा चरण आखूड, यमकाविना, मोकळा सुटतो. तीन पायऱ्या चढून अंगणात उतरावं तसं. ज्ञानेश्वरी 1290 सालची, आणि हा उतार अजून तितकाच ताजा वाटतो.

अभंगात अक्षरांची मोजणी पक्की असते. मोठ्या अभंगाच्या चरणांत 6, 6, 6, 4 अक्षरं: 'सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया'. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात. लहान अभंगात आठ-आठ: 'जे का रंजले गांजले / त्यासि म्हणे जो आपुले'. बोटं मोडत मोजून बघा. एकदा मोजलं की पुन्हा विसरायला होत नाही.

मग जात्यावरची ओवी?

ती गळ्यातली ओवी, ग्रंथातली नव्हे. तिच्यात अक्षरांचा हिशेब सैल असतो, कारण हिशेब जात्याचा खुंटा ठेवतो. अक्षरं कमी पडली तर 'गं बाई' घालून भरायची, जास्त झाली तर भराभर म्हणायची. विषय बहुतेक माहेर, भाऊ, लेक आणि देव. नमुन्यासाठी आम्हीच रचलेली एक:

खाडीच्या पल्याड, दिवा माडाच्या आड
तरीवाल्या दादा, माझा निरोप धाड

हिच्यात दु:ख हा शब्द कुठेच नाही. दिवा दिसतो, म्हणजे माहेर जवळ आहे. मधे पाणी आहे, म्हणजे जाता येत नाही. अशा ओव्या अजून ज्यांच्या ओठांवर आहेत त्या आज्या ऐंशीच्या पुढच्या आहेत. आपल्या घरात अशी कुणी असेल तर फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवा, आणि ते याच महिन्यात करा.

आर्या ओळखायची कशी?

परंपरेनं चालत आलेल्या या दोन ओळीच मोजा:

सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची
ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंतांची

पहिल्या ओळीत 'सुश्लोक वामनाचा' 12 मात्रा, उरलेल्या 18. दुसरीतही 'ओवी ज्ञानेशाची' 12 आणि पुढे 18. संस्कृतातल्या आर्येची दुसरी ओळ 12 अधिक 15 अशी आखूड असते. दोन्ही ओळी 30 मात्रांच्या असल्या की ती गीती, आणि मराठीत आर्या म्हणून आपण बहुतेक गीतीच म्हणतो. म्हणजे कुठल्या कवीचं काय गाजलं हे सांगणारी ओळ मयूरपंतांच्याच, म्हणजे मोरोपंतांच्याच, आर्येत बसवली आहे. मोरोपंतांची हयात बारामतीत गेली, पण पराडकर घराणं मूळचं राजापूरकडच्या सौंदळचं. आपल्याकडची मुलं हे ऐकून आर्येकडे जरा आपुलकीनं बघतात, असा अनुभव आहे.

भातलावणीच्या वेळची गाणी म्हणजे लावणी का?

नाही. लावणी हा ढोलकीवरचा शाहिरी प्रकार. रामजोशी, परशराम, होनाजी बाळा ही त्यातली मोठी नावं. चिखलात रोपं लावताना म्हणतात ती श्रमगीतं.

शक्ती-तुरा, नमन, डबलबारी यांना काव्य म्हणायचं का?

हो, आणि जराही न संकोचता. जाखडीच्या, म्हणजे शक्ती-तुऱ्याच्या नाचाच्या, रात्री शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर उभे राहतात. एका बाजूच्या शाहिरानं पुराणातलं कोडं पदातून घालायचं, दुसऱ्यानं पदातूनच उत्तर द्यायचं. यमक, अनुप्रास, श्लेष हे तिथे दागिने म्हणून येत नाहीत, हत्यारं म्हणून येतात. श्लेष म्हणजे एका शब्दातून दोन अर्थ. समोरच्यानं एक अर्थ धरला की आपण दुसरा पुढे करायचा, तोही ढोलकी थांबण्याच्या आत. सिंधुदुर्गातल्या डबलबारीत दोन बुवा भजनातून हेच करतात. वर्गात श्लेषाची व्याख्या पाच वेळा समजावून न कळलेला मुलगा रात्री बारीला बसून तोच श्लेष पकडतो आणि दाद देतो. शिक्षकांनी वर्गातलं पहिलं उदाहरण तिथून उचलावं.

सुनीत म्हणजे काय? केशवसुतांचं नाव त्याच्याशी का जोडतात?

सुनीत म्हणजे 14 ओळींची कविता, मूळ युरोपातली. पहिल्या आठ ओळींत विचार उभा करायचा आणि पुढच्या सहांत त्याला वळण द्यायचं, किंवा बारा ओळी चढत जाऊन शेवटच्या दोनांत कलाटणी. मराठीत हा प्रकार आणला केशवसुतांनी. ते 1866 साली गणपतीपुळ्याजवळच्या मालगुंडला जन्मले. गावात त्यांचं स्मारक आहे, कोकण मराठी साहित्य परिषदेनं उभारलेलं.

त्यांचं 'आम्ही कोण?' हे सुनीत शार्दूलविक्रीडितात आहे, म्हणजे ओळीत 19 अक्षरं आणि बाराव्या अक्षरानंतर यती, म्हणजे श्वास घ्यायची जागा. 'आम्ही कोण म्हणूनि काय पुसता?' इथे बरोबर 12 अक्षरं होतात आणि प्रश्न संपतो. मग श्वास, मग उत्तर. परका साचा आणि आपलं जुनं वृत्त यांचा सांधा इतका बेमालूम बसला आहे की तो साचा बाहेरून आल्याचं लक्षातही येत नाही. 'म्हणूनि'तल्या 'म्ह'च्या आधीचा 'ण' लघुच राहतो, हेही इथे पडताळून घ्या.

गझल लिहायची आहे. किमान काय माहीत हवं?

गझलेतला प्रत्येक शेर दोन ओळींचा आणि स्वतंत्र. पहिल्या शेराला मतला म्हणतात, त्याच्या दोन्ही ओळींत काफिया आणि रदीफ येतात. पुढच्या शेरांत ते फक्त दुसऱ्या ओळीत. शेवटच्या शेरात कवीचं टोपणनाव आलं तर तो मक्ता. सगळ्या ओळी एकाच वृत्तात. समजण्यासाठी हे दोन शेर, आमच्याच वर्गात घडवलेले:

मला सांजवेळी तुझी वाट होती
तुझ्या पावलांशी खुळी लाट होती

घराच्या पुढे होडकी झोपलेली
धुक्याची मिठी केवढी दाट होती

'होती' हा रदीफ, तो बदलत नाही. वाट, लाट, दाट हे काफिये. त्यांतला 'ट'च्या आधीचा 'आ' हा स्वर सांभाळावा लागतो, त्याला अलामत म्हणतात. इथे 'भेट होती' घातलंत तर काफिया मोडला. आणि वृत्त कुठलं? म्हणून पाहा: मना सज्जना. तेच भुजंगप्रयात.

मराठीत माधव जूलियन यांनी गझलेची वाट पाडली, सुरेश भट यांनी ती घराघरांत नेली. नवोदितांची एक चूक वारंवार दिसते. काफिया आधी ठरवतात आणि शेर त्याच्यामागे ओढत नेतात. आधी दोन ओळींत काहीतरी घडू द्या.

हायकू म्हणजे तीन ओळींची चारोळी का?

नाही. हायकू जपानी, 5-7-5 अशा ध्वनींचा. मराठीत तो शिरीष पै यांनी रुजवला. मराठी हायकूत अक्षरांचा आग्रह सगळेच धरत नाहीत, पण एक क्षण आणि त्यात दोन गोष्टींची गाठ हवीच.

पहिला थेंब
तापल्या जांभ्यावर
वास उठला

इथे अक्षरं जुळली आहेत, ती जुळली नसती तरी बिघडलं नसतं. पण चौथी ओळ जोडून 'मन हरखलं' असं लिहिलंत, तर हायकू तिथेच संपला.

मुक्तछंद आणि गद्य यांत फरक काय? ओळी तोडल्या की कविता होते का?

ओळी तोडून कविता होत नाही, पण कुठे तोडली याला फार किंमत आहे. 'आगोट आली, होड्या वर ओढल्या, झावळांनी झाकल्या, समुद्र आता एकटा.' हे सरळ वाचा (आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड). मग असं वाचा:

आगोट आली.
होड्या वर ओढल्या,
झावळांनी झाकल्या.
समुद्र आता
एकटा.

'आता' नंतर थांबावं लागतं, आणि त्या थांबण्यात रिकामा किनारा दिसतो. वृत्त गेलं तरी लय राहिली पाहिजे, ती बोलण्याची लय असते. मराठीत मुक्तछंदाचा पुरस्कार आग्रहानं केला तो कवी अनिल यांनी.

उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अपन्हुती... सगळे सारखेच वाटतात.

कारण प्रत्येक उदाहरण वेगळ्या कवितेतून दिलेलं असतं. एकच गोष्ट घ्या आणि तीच फिरवा. भरतीच्या वेळची संथ खाडी हे उपमेय, म्हणजे जिच्याविषयी बोलायचं ती. आरसा हे उपमान, म्हणजे जिच्याशी तुलना करायची ती वस्तू.

खाडी आरशासारखी नितळ आहे: उपमा. 'सारखी' हा साधर्म्य दाखवणारा शब्द, 'नितळ' हा दोघींतला समान गुण.
खाडी म्हणजे जणू आरसाच: उत्प्रेक्षा. दोन्ही एकच असावेत अशी कल्पना.
खाडीच्या आरशात माडांनी तोंड पाहिलं: रूपक. दोन्ही एकरूप झाले, मधला 'जणू' गळला.
ही खाडी नव्हे, हा आरसा आहे: अपन्हुती. खाडी चक्क नाकारली.
आरसा काय नितळ असेल अशी आमची खाडी: व्यतिरेक. उपमेय वरचढ.
आमच्या खाडीसारखी आमचीच खाडी: अनन्वय. तुलनेला दुसरं कुणी नाही.
ही खाडी की आरसा?: ससंदेह.
पाण्यातला चंद्र मासा समजून बोक्यानं होडीच्या कडेवरून पंजा मारला: भ्रांतिमान. इथे नुसता संशय नाही, फसगत होऊन कृतीही झाली.

परीक्षेला जाणाऱ्या मुलांनी हाच खेळ फणसावर करून पाहावा. कोकणी माणूस फणसासारखा, ही उपमा तर घरचीच आहे.

'माडांनी तोंड पाहिलं' यात चेतनगुणोक्ती पण आहे ना? मग उत्तर काय लिहायचं?

आहेच. माड माणसासारखे वागले, तीच चेतनगुणोक्ती. वरच्या गझलेत होडकी झोपतात तीही चेतनगुणोक्ती. एका ओळीत दोन-तीन अलंकार सुखानं नांदतात. पेपरात एकच विचारला असेल तर जो काढून घेतल्यावर ओळ कोसळते तो लिहा, जागा असेल तर दुसराही नोंदवा.

अभिधा, लक्षणा, व्यंजना या शब्दशक्ती कळत नाहीत.

'गंगेवर गवळीवाडा' हे लक्षणेचं जुनं संस्कृत उदाहरण. त्यासाठी काशीला जायची गरज नाही. 'आमचं घर खाडीवर आहे' असं आपण रोज म्हणतो. पाण्यावर घर कसं असेल? म्हणून ऐकणारा 'खाडीच्या काठावर' असा अर्थ घेतो. ही लक्षणा. 'माझं घर बाजारपेठेत आहे' यात शब्दाचा सरळ अर्थ पुरतो, ती अभिधा.

व्यंजनेसाठी मे महिन्यातल्या शेवटच्या आठवड्यातलं अंगण डोळ्यांसमोर आणा. सुपात आमसुलं, पाटावर आंब्याची साठं, चटईवर कुळीथ. आई आतून नुसतं म्हणते, 'दाटून आलंय गो.' वाक्याचा अर्थ ढगांविषयी आहे. पण लेक हातातलं टाकून उठते आणि सुपं आत नेते, कारण तिनं ऐकलं ते वाक्यात नव्हतंच. ही व्यंजना. थोरली कविता याच शक्तीवर उभी असते, म्हणून हा प्रश्न पाठांतरावर सोडू नका.

प्रतिमा आणि प्रतीक एकच का?

प्रतिमा डोळ्यांसमोर उभी राहते, प्रतीक त्यापलीकडचा अर्थ वाहून नेतं. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान' (2003) या आत्मकथनाचं नाव बघा. आयदान म्हणजे बांबूच्या सुपल्या-टोपल्या. रत्नागिरीजवळच्या गावात त्यांची आई ती विणून संसार चालवायची. पुस्तकात ते विणकाम दिसतं, तोवर ती प्रतिमा. लेखिकेचं लिहिणं आणि आईचं विणणं एकाच धाग्याचं आहे हे उमगतं तेव्हा तेच प्रतीक होतं. असं प्रतीक घरातल्या वस्तूतून उगवतं, म्हणून ते जड होत नाही.

कथा, कादंबरी, ललितलेख, लघुनिबंध: गद्याचे प्रकार कसे वेगळे करायचे?

कथा एका घटनेभोवती घट्ट असते. कादंबरी माणसं, काळ आणि गाव घेऊन पसरते. कादंबरी हे नाव बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथावरून मराठीत या प्रकाराला मिळालं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (1857) हिचं नाव घेतात. गाव हेच पात्र झालं की प्रादेशिक कादंबरी, त्यासाठी दापोलीकडचे श्री. ना. पेंडसे वाचा.

त्याच 1857 साली पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी उत्तरेकडे निघाले होते, आणि झाशीच्या वेढ्यात अडकले. पुढे त्यांनी लिहिलेला 'माझा प्रवास' 1907 साली छापला गेला. प्रवासवर्णन, आत्मकथन आणि इतिहासाचं साधन असा तिहेरी ऐवज आहे तो, आणि भाषा ओटीवर बसून सांगितल्यासारखी. एकच गद्यग्रंथ वाचायचा असेल तर आम्ही हा सुचवतो.

लघुनिबंधात लहानसा विषय आणि लेखकाचं मोकळं मन. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांनी तो घडवला. खांडेकर 1920 ते 1938 शिरोड्याला शिक्षक होते. त्यांनी रूपककथाही रुजवली: पानभराची गोष्ट, पात्रं वारा, दिवा, फूल अशी, आणि आत माणसाविषयीचं सांगणं. ललितलेख हा त्याहून सैल, आठवणींच्या ओढीनं जाणारा.

देवळातलं गाऱ्हाणं गद्य की पद्य?

आमच्या वर्गातला हा सर्वांत आवडता प्रश्न. वृत्त नाही, यमक नाही, म्हणून पद्य नाही. पण गावकर हात जोडून म्हणतो, 'बा देवा म्हाराजा, काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल रे म्हाराजा', आणि सगळे एका सुरात म्हणतात, 'व्हय म्हाराजा!' दर वाक्याअखेर हे परत येतं, ते ध्रुवपद झालं. 'बा देवा' हे संबोधन. 'चुकला-माकला' ही शब्दांची जोडी, तिच्यातला 'माकला' एकटा कधीच येत नाही, तो फक्त ठेक्यासाठी आहे. मागणी कुटुंबापासून वाडीपर्यंत, वाडीपासून मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांपर्यंत वाढत जाते. यात काव्याची जवळपास सगळी सामग्री आहे. आम्ही त्याला लयबद्ध गद्य म्हणतो.

दशावतारी नाटकाची संहिता कुठे मिळेल?

पारंपरिक दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कुठलं पात्र ते ठरतं, संवाद रंगमंचावर सुचतात. राजे आणि देव संस्कृताळलेली मराठी बोलतात, संकासुर आणि विनोदी पात्रं मालवणी. कोण वरचा आणि कोण आपला हे भाषेवरूनच कळतं. संवादलेखन शिकणाऱ्यानं एक रात्र जागून हे ऐकावं.

बोलीत लिहिलं तर 'अशुद्ध' ठरेल का?

ठरणार नाही. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' मालवणीत आहे आणि ते महाराष्ट्रभर गाजलं. एवढी काळजी घ्या की बोली कानानं लिहा. प्रमाण वाक्य आधी लिहून 'आहे'च्या जागी 'आसा' घातलंत तर ऐकणाऱ्याला लगेच कळतं. मालवणी, संगमेश्वरी, आगरी यांचे हेल वेगवेगळे आहेत. लिहिलेलं ती बोली बोलणाऱ्या घरातल्या थोराला वाचून दाखवा, आणि वाचताना ते ज्या शब्दापाशी मान वर करतात तो शब्द तिथल्या तिथे पेन्सिलीनं अधोरेखित करा.